स्वस्तातलं अ‍ॅक्वाटिक परफ्यूम: पहिली बाटली कशी निवडावी, कशी वापरावी

परफ्यूमच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाने ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं: स्वस्तातल्या एका चांगल्या अ‍ॅक्वाटिकपासून. अ‍ॅक्वाटिक म्हणजे पाणी, समुद्रावरचा वारा, ओली पानं यांची आठवण करून देणारे हलके, ताजे सुगंध. स्वस्त म्हटलं की अनेक जण नाक मुरडतात. अस्सल ऊद (अगरूचं सुगंधी लाकूड), गुलाब किंवा चंदन यांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. तिथे कच्चा मालच महाग असतो आणि हात आखडता घेतला की ते वासात लगेच कळतं. अ‍ॅक्वाटिकचं गणित वेगळं आहे. या सुगंधाचा कणा असलेली रसायनं कारखान्यात तयार होतात, त्यातली महत्त्वाची काही तर फारच स्वस्त पडतात, आणि भारी बाटलीत जी जातात तीच बहुतेक वेळा साध्या बाटलीतही जातात. त्यामुळे कमी पैशांत खरोखर उत्तम काम झालेलं या प्रकारात जितकं सापडतं, तितकं दुसरीकडे क्वचितच.

पायरी १: हा वास येतो कुठून, ते आधी कळू द्या

शुद्ध पाण्याला वास नसतो. त्यामुळे पाण्याचा अर्क अशी काही वस्तूच नाही. परफ्यूम रचणाऱ्याला पाण्याचा भास उभा करावा लागतो. खऱ्या समुद्रकिनाऱ्याच्या वासात मोठा वाटा डायमिथाइल सल्फाइड या वायूचा असतो. समुद्रातले सूक्ष्म वनस्पतीसारखे जीव मरून विघटित होतात तेव्हा तो सुटतो, आणि जरा जास्त झाला की त्याचा वास उकडलेल्या कोबीसारखा येतो. तसा वास अंगाला कुणालाच नको असतो. अ‍ॅक्वाटिकमधला समुद्र म्हणजे आपल्या मनातला समुद्र: मोकळा, स्वच्छ, वाऱ्याचा.

हा भास निर्माण करणारं सगळ्यात गाजलेलं रसायन म्हणजे कॅलोन. ते १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्याचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही: कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरट भाग, ताजी कालवं आणि वादळाआधीची हवा, सगळं एकदम. ते इतकं जोरकस आहे की मिश्रणात टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी घातलं तरी पुरतं. त्यानंतरची जवळपास वीस वर्षं ते मागेच राहिलं. मग १९८८ साली अरामिसच्या ‘न्यू वेस्ट’ या परफ्यूममध्ये ते ठळकपणे वापरलं गेलं, आणि नव्वदच्या दशकात या सुगंधांची लाटच आली: ‘केन्झो पूर ओम’ १९९१ मध्ये, इस्सी मियाकेचं ‘लो दिस्सी’ १९९२ मध्ये, अरमानीचं ‘अक्वा दी जिओ’ १९९६ मध्ये.

दुसरं महत्त्वाचं रसायन डायहायड्रोमर्सेनॉल. टर्पेंटाइनमधून मिळणाऱ्या पायनीनपासून ते बनतं, म्हणून स्वस्त. लिंबू, लॅव्हेंडर, नुकतेच धुतलेले कपडे आणि त्यात थोडा थंडगार धातू, असा त्याचा वास. १९८२ च्या ‘ड्रकार नुआर’ या परफ्यूममध्ये ते सुमारे १० टक्के होतं, तर पिअर बूर्दों यांनी रचलेल्या १९८८ च्या ‘कूल वॉटर’मध्ये जवळपास त्याच्या दुप्पट. साबण आणि डिटर्जंटमध्येही हेच भरभरून वापरतात. म्हणूनच पुष्कळ अ‍ॅक्वाटिक पहिल्यांदा हुंगताना ‘हा तर साबणाचा वास’ असं वाटतं. ते चुकीचं नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. अंघोळ करून आल्यासारखं वाटणं हीच या सुगंधांची मोठी ताकद आहे.

यांच्या जोडीला हेलिओनल, फ्लोरालोझोन, मेलोनल अशी मंडळी असतात. कुणी हवेचा मोकळेपणा देतं, कुणी खरबुजाचा रस. ही नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा, की बाटलीवर ‘सागरी नोट्स’ (नोट्स म्हणजे परफ्यूममध्ये वेगवेगळे जाणवणारे वास) असं लिहिलेलं असतं तेव्हा आत समुद्रातलं काही असेलच असं नाही. समुद्रशेवाळाचा नैसर्गिक अर्क असतो खरा, पण तो दाट, आयोडीनसारखा आणि महाग असतो. स्वस्त बाटलीत त्याची अपेक्षा धरू नये.

पायरी २: तुम्हाला नेमकं कोणतं पाणी आवडतं, ते ठरवा

सगळे अ‍ॅक्वाटिक सारखे नसतात, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. एक बाटली आवडली नाही म्हणून अख्खा प्रकार नापसंत करून मोकळा होतो. ढोबळमानाने चार घराणी धरून चाला.

पहिलं स्वच्छ, साबणी घराणं. लॅव्हेंडर, पुदिना, लिंबूवर्गीय ताजेपणा. ‘कूल वॉटर’ हा त्याचा मूळपुरुष. दुसरं फळाफुलांचं: खरबूज, कमळ, लिलीसारखी फुलं, सगळं पाण्यात भिजलेलं. ‘लो दिस्सी’ इथलं. तिसरं खारं, खनिजासारखं: तापलेला खडक, मीठ, त्वचेवर वाळलेलं समुद्राचं पाणी. बुल्गारीचं २००५ सालचं ‘अक्वा पूर ओम’ या बाजूला झुकतं. चौथं हिरवं: चिरलेलं गवत, पानांवरचे थेंब, सावलीतलं तळं.

घराणं ओळखायला सोपी खूण अशी: हुंगल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर न्हाणीघर येतं, बाग येते की किनारा येतो? जे येतं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात ‘मला हिरवट, कमी गोड असं काही हवंय’ एवढं जरी नेमकं सांगता आलं, तरी समोरचा वीस बाटल्यांऐवजी तीनच काढतो.

बाटलीवर बायकांसाठी की पुरुषांसाठी लिहिलंय, त्याकडे मात्र या प्रकारात अजिबात बघू नका. पाण्याला बाई-पुरुष नसतो, आणि दोन्हीकडची रसायनं बरीचशी तीच असतात.

पायरी ३: आधी कागदावर, मग मनगटावर, आणि मध्ये वेळ जाऊ द्या

परफ्यूम निवडण्यातली सगळी मेख या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

आधी कागदी पट्टीवर एकदाच फवारा मारा आणि अर्धा मिनिट थांबा. बाटलीत मोठा हिस्सा अल्कोहोलचा असतो. तो उडायच्या आत हुंगलं तर नाकात नुसती झिणझिणी येते. पट्टी नाकाला चिकटवू नका, दोन-तीन बोटं दूर धरून हळू श्वास घ्या. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त वास घेऊ नका. त्यापुढे नाक थकतं आणि सगळंच सारखं लागू लागतं. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं असं सर्रास सांगतात, पण कॉफी हा आणखी एक तीव्र वासच झाला. त्यापेक्षा बाहेर मोकळ्या हवेत जाऊन या, किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या.

पट्टीवर जे आवडलं ते एकच मनगटावर लावा आणि दुकानातून बाहेर पडा. खरी परीक्षा आता सुरू होते. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबूवर्गीय आणि फळांचे नोट्स असतात. ते मोहक असतात, आणि विक्रीही बहुतेक त्यांच्याच जोरावर होते. त्यांच्यावर फिदा होऊन लगेच पैसे देऊ नका. अर्ध्या तासाने मधला भाग उघडतो. पाण्याचा भास खरा की खोटा ते इथे कळतं. आणि दोन-तीन तासांनी उरतो तो तळ: कस्तुरीसारखी सिंथेटिक रसायनं, लाकडी नोट्स, अंबर (उबदार, गोडसर वास). बराच वेळ तुम्ही वागवणार असता तो हाच वास.

मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर सोडा. घासल्याने त्वचा गरम होते आणि सुरुवातीचा भाग लवकर उडतो, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची तेच हातचं जातं.

पायरी ४: एक बाटली अगदी जवळून बघा

उदाहरणादाखल ‘नॉटिका व्हॉयाज’ घेऊ. २००६ साली आलेलं हे परफ्यूम स्वस्त अ‍ॅक्वाटिकमध्ये वर्षानुवर्षं पहिल्या पंक्तीत आहे, आणि माझ्या मते ते त्या जागेला पात्र आहे. ते रचलं मॉरिस रूसेल यांनी. याच माणसाने हर्मेसचं ‘२४ फोबूर’ आणि फ्रेडरिक माल या ब्रँडसाठी ‘मस्क रावाजर’ अशी नावाजलेली, महागडी परफ्यूम रचली आहेत. बाटली स्वस्त म्हणजे रचणारा हात कच्चा, असं नसतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

फवारा मारला की पहिल्यांदा हिरवं सफरचंद येतं. सफरचंदापासून परफ्यूमला घालण्याजोगं तेल काढता येत नाही, त्यामुळे हा वास पूर्णपणे बांधलेला असतो. पण तो गोळ्या-चॉकलेटांतल्या सफरचंदासारखा चिकट गोड नाही. नुकत्याच चावलेल्या फोडीसारखा पाणीदार आणि किंचित आंबट आहे. त्याच्या पाठोपाठ पानांचा हिरवेपणा. गवत कापल्यावर सुटतो त्या ताज्या वासाचा पोत. सफरचंदाचा गोडवा जिथे डोईजड होऊ शकला असता, नेमका तिथेच हा हिरवेपणा त्याला आवरतो. मला या परफ्यूममधलं सगळ्यात कौतुकाचं वाटतं ते हे.

पंधरा-वीस मिनिटांनी जलकमळ आणि मिमोसा येतात. नाव फुलांचं असलं तरी फुलाचा गंध म्हणून ते वेगळे उठून दिसत नाहीत. सगळ्यावर गार पाणी शिंपडल्यासारखं वाटतं, एवढंच. खरबुजाची सावली इथे जाणवते, पण ती पुढे पुढे करत नाही. ‘कॅलोनने डोकं धरतं’ म्हणणाऱ्यांनाही हे बहुधा सोसवतं. नंतर सीडरचं कोरडं लाकूड, थोडं शेवाळ, थोडं अंबर आणि बरीचशी स्वच्छ कस्तुरी. शेवटी अंगालगत राहतो तो धुतलेल्या सुती सदऱ्याचा वास. आणि तो चांगला वाटतो, स्वस्त वाटत नाही.

हे सगळं असंच्या असं तुम्हाला येईल असं नाही. कस्तुरीसारख्या काही रसायनांचा वास काही माणसांना येतच नाही. नाकाची ठेवणच तशी असते. तुम्हाला एखाद्या परफ्यूमचा तळ रिकामा वाटला तर शेजारच्याला हुंगायला देऊन विचारा. त्याला तो व्यवस्थित येत असेल तर बाटलीत दोष नाही.

पायरी ५: स्वस्त बाटली कुठे कमी पडते, ते तपासा

सगळं स्वस्त ते चांगलं, असं मी म्हणत नाही. या प्रकारात टाकाऊ मालही ढिगाने आहे. तो ओळखायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा तळ. सुरुवात कुणालाही सुरेख करता येते. पैसे वाचवले जातात ते शेवटच्या भागात. दोन तासांनी मनगटावर नुसता धातूचा, टोचरा किंवा फरशी पुसायच्या द्रवासारखा वास उरला असेल, तर ती बाटली सोडून द्या. दुसरी जागा गोडवा. पाण्याचा भास जमला नाही की तो साखरेखाली झाकतात. मग कलिंगडाऐवजी कलिंगडाची गोळी लागते. तिसरी खूण डोकेदुखीची: कॅलोन हातचं न राखता घातलं की ते नाकात एकाच सुरात वाजत राहतं. वीस मिनिटांत नकोसं झालं तर चार-पाच तासांत ते आवडू लागेल, या आशेवर राहू नका.

टिकाऊपणाबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवा. चार-पाच तास हे चांगल्या अ‍ॅक्वाटिकचं समाधानकारक आयुष्य आहे, महागड्याचंसुद्धा. हलके, लवकर उडणारे रेणू असतात म्हणूनच तर तो वास ताजा लागतो. तोच ताजेपणा बारा तास हवा असेल तर तळाशी जड रसायनं घालावी लागतात, आणि मग ताजेपणा मागे पडतो. बाटलीवर ‘ओ द तॉलेट’ (सौम्य) किंवा ‘ओ द पार्फम’ (कडक) असा प्रकार लिहिलेला असतो. ओ द तॉलेटमध्ये सुगंधी द्रव्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असतं, ओ द पार्फममध्ये साधारण १५ ते २०. पण अ‍ॅक्वाटिकच्या बाबतीत पार्फम म्हणजे तेच परफ्यूम जास्त कडक, असं समजू नका. बरेचदा ती वेगळीच, अधिक गोड किंवा लाकडी रचना असते. ताजेपणा हवा असेल तर तॉलेटच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ६: लावायचं कसं

अंघोळीनंतर, त्वचा किंचित ओलसर असताना लावलेलं उत्तम. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो, म्हणून आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. फरक पहिल्याच दिवशी कळेल. मानेच्या दोन्ही बाजू, छाती, आणि हवं तर कोपराच्या आतली बाजू. हातभर नाही, पण वीतभर अंतरावरून फवारा. तीन-चार फवारे पुरेत. जड, मसालेदार परफ्यूमला इतके फवारे मारले तर खोलीतली माणसं उठून जातील. अ‍ॅक्वाटिक तेवढं मोकळेपण देतं.

कपड्यांवर वास जास्त वेळ राहतो, कारण तिथे त्वचेची ऊब आणि तेल नसतं. सुती कापडाच्या आतल्या बाजूने फवारा मारायला हरकत नाही. रेशमी किंवा फिक्या रंगाच्या कापडावर मारू नका, डाग पडतात. आणि घामावर उतारा म्हणून परफ्यूम कधीच वापरू नका. घाम आणि कॅलोन एकत्र आले की जे तयार होतं ते दोन्हींपेक्षा वाईट असतं.

आता एक गोष्ट, जी नव्या लोकांना हमखास फसवते. तासाभरात स्वतःला वास येईनासा होतो आणि वाटतं, ‘उडालं!’ मग पुन्हा चार फवारे. प्रत्यक्षात परफ्यूम जागच्या जागी असतं. मेंदूने सतत येणाऱ्या वासाकडे लक्ष देणं थांबवलेलं असतं. अशा वेळी घरच्यांना विचारा, किंवा दहा मिनिटं बाहेर जाऊन परत या. खरंच फिकं पडलं असेल तर दुपारी एखाद-दुसरा फवारा पुन्हा मारावा. बाटली स्वस्त असल्याचा हा मोठा फायदा: मोजून-मापून, जीव मुठीत धरून वापरावी लागत नाही.

नवीन परफ्यूम मानेवर लावण्याआधी एक दिवस कोपराच्या आत थोडंसं लावून बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही. तापलेल्या उन्हात जायच्या आधी, नुकत्याच दाढी केलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर लावू नका. अल्कोहोल ज्वालाग्राही असतं, तेव्हा पेटत्या शेगडीजवळ किंवा दिव्याजवळ फवारा मारायचा नाही.

पायरी ७: विकत घेताना आणि ठेवताना

लोकप्रिय स्वस्त परफ्यूमचीही बनावट निघते, आणि बरीच निघते. खोक्याच्या तळाशी छापलेला बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक एकच आहे का ते पाहा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकीचं, टोपण ढिलं, पंप फवाऱ्याऐवजी पिचकारी मारतो, यांपैकी काहीही दिसलं तर परत करा. नेहमीच्या किमतीच्या मानाने अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. भारी परफ्यूमच्या वासाबरहुकूम बनवलेली, स्वतःच्या नावाने उघडपणे विकली जाणारी परफ्यूम ही वेगळी गोष्ट. ती फसवणूक नाही, आणि अ‍ॅक्वाटिकमध्ये त्यातली काही फार चांगली जमतात; पण त्यांचीही तळाची परीक्षा घेतल्याशिवाय घेऊ नका.

लेबल वाचायची सवय लावा. जुनं परफ्यूम आणि आजचं परफ्यूम नाव सारखं असूनही आतून बदललेलं असू शकतं. लिलिअल नावाचं फुलांचा गंध देणारं रसायन पूर्वी असंख्य परफ्यूममध्ये असे. मार्च २०२२ पासून युरोपीय संघात त्यावर बंदी आली आणि कित्येक रचना नव्याने बांधाव्या लागल्या. तेव्हा कुणी फार जुनी बाटली देऊ केली तर आजच्या बाटलीशी तिची तुलना करून मगच ठरवा.

मोठी बाटली मिलिलिटरमागे स्वस्त पडते, तरीही पहिली खरेदी लहानच करा. महिनाभर रोज लावूनही सकाळी हात आपोआप तिच्याकडेच जात असेल, तर पुढची मोठी घ्या.

बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नका. उष्णता, उजेड आणि हवा हे तिन्ही सुगंधाचे वैरी, आणि लिंबूवर्गीय द्रव्यं सगळ्यात आधी बिघडतात. कपाटात, अंधाऱ्या आणि गार जागी, मूळ खोक्यात ठेवली तर काही वर्षं आरामात टिकते. रंग गडद झाला आणि पहिल्या फवाऱ्याला आंबूस किंवा व्हिनेगरसारखा वास आला, तर आधी कागदावर मारून दहा मिनिटं थांबा. पंपाच्या नळीत अडकलेला थेंबभर द्रव खराब झालेला असेल तर दोन-तीन फवाऱ्यांनंतर वास पूर्ववत होतो. नाही झाला, तर उरलेलं अंगाला लावू नका.